नाताळची गाणी : कोणती म्हणायची, कशी निवडायची?

स्मरणिका समितीने विषय वाटून दिले तेव्हा बोअरवेलचा आणि पाण्याच्या टाकीचा इतिहास एकाकडे गेला, गणेशोत्सवाचा दुसऱ्याकडे, आणि २४ डिसेंबरच्या गाण्यांच्या कार्यक्रमाचा माझ्याकडे आला. "सर, पेटी तुम्हीच वाजवता, तर लिहा बी तुम्हीच," असं सेक्रेटरी म्हणाले आणि विषय संपला. कार्यक्रम तसा जेमतेम पाऊण तासाचा. संध्याकाळी सात वाजता गेटजवळच्या मोकळ्या जागेत सतरंज्या टाकायच्या, सात-आठ गाणी म्हणायची, केक आणि संत्र्याच्या फोडी खायच्या आणि थंडी वाजायला लागली की घरी जायचं. पण या सात-आठ गाण्यांत कोणती घ्यायची यावर आपल्याकडे जेवढी चर्चा झाली, तेवढी पार्किंगवरसुद्धा झाली नसेल. ती चर्चा ज्यांनी ऐकली त्यांतले काही आता सावनेर सोडून गेले, आणि आज जी पोरं ती गाणी म्हणतात त्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. म्हणून हे लिहून ठेवतो.

सुरुवात

आपल्या सोसायटीत पहिल्यापासून सगळीकडची माणसं आहेत. कोणी वेकोलिच्या कोळसा खाणीतले, कोणी खापरखेड्याच्या वीज केंद्रातले, कोणी शाळेतले, कोणी दुकानदार, कोणाची केळवद किंवा पाटणसावंगीकडे संत्र्याची बाग. त्यांत ख्रिस्ती घरं तीन. एक मराठी, एक केरळचं आणि एक छिंदवाड्याकडून आलेलं हिंदी बोलणारं. मराठी घर होतं ते नर्सिंगमधून निवृत्त झालेल्या आपल्या सिस्टरांचं. त्यांचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण छापून आलेलं त्यांना आवडत नाही. तसंही सगळी सोसायटी त्यांना 'सिस्टर' म्हणूनच ओळखायची.

सुरुवातीच्या वर्षांत गणपती झाला, कोजागिरी झाली, ईदचा शीरखुर्मा झाला, धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला, तेव्हा कोणीतरी म्हणालं की नाताळ का सुटावा? पोरांनी लाल टोप्या आणल्या. इंग्रजी शाळेत शिकवलेलं 'जिंगल बेल्स' सगळ्यांना पाठ होतं. ते आम्ही तीनदा म्हटलं, कारण दुसरं येतच नव्हतं. सिस्टर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी मी त्यांना विचारलं, "सिस्टर, बरं झालं ना?" त्या म्हणाल्या, "छान झालं सर. पोरं खुश होती." मग थोडं थांबून म्हणाल्या, "फक्त ते गाणं आमच्यात देवळात कोणी म्हणत नाही. त्यात येशूचं नावच नाही ना."

मी घरी येऊन ते गाणं नीट वाचलं. खरंच नाव नव्हतं. जेम्स पिअरपॉन्ट या अमेरिकन माणसाचं हे गाणं १८५७ साली छापलं गेलं, आणि त्याचं मूळ नाव होतं 'वन हॉर्स ओपन स्ले', म्हणजे एका घोड्याची उघडी बर्फगाडी. बर्फावर गाडी पळवायची, घोड्याच्या घुंगरांचा आवाज ऐकायचा, मजा करायची, एवढाच त्याचा विषय. त्यात नाताळही नाही आणि येशूचा जन्मही नाही. गाणं वाईट नाही. पण मे महिन्यात जिथे डांबर वितळतं त्या सावनेरात, शेजारच्या बाईच्या सणाला, तिच्या देवाचं नाव सोडून आम्ही तीन वर्षं बर्फगाडीचं गाणं म्हणत होतो. गणपतीला कोणी प्रेमाने आपल्याकडे यावं आणि आरतीच्या जागी 'सावन का महिना' म्हणावं, तसं काहीसं ते झालं होतं. मला लाज वाटली. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस मी. निदान विचारायला तरी हवं होतं.

दारोदार गाण्याची रीत

मग मी वाचायला लागलो. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की सणाला टोळीने दारोदार जाऊन गाणं आपल्याला नवीन नाही. आपल्या विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत, आणि शेवटी खिरापत काय आहे ते ओळखायचं असे. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार जातात आणि बोजारा घेतात. 'कॅरोल' म्हणजे साधारण याच जातीची गोष्ट. युरोपात जुन्या काळी हे फेर धरून म्हणायचं गाणं होतं, लोकांचं आणि लोकभाषेतलं. चर्चची उपासना लॅटिनमध्ये चाले, ती सामान्य माणसाला कळत नसे. अशा काळात, १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी खरा बैल, खरं गाढव आणि चाऱ्याची गव्हाण मांडून ख्रिस्तजन्माचा देखावा केला. तेव्हापासून ही गोष्ट लोकांना डोळ्यांनी दिसायला लागली, आणि गव्हाण, मेंढपाळ, बाळ यांची गाणी लोकांच्या तोंडी रुळत गेली.

दुसरी गोष्ट म्हणजे, "हे गाणं चालेल का?" हा वादही तितकाच जुना आहे. इंग्लंडमध्ये १६४७ साली प्युरिटन लोकांच्या पार्लमेंटने नाताळ साजरा करायलाच बंदी केली. बायबलात असा सण सांगितलेला नाही, हे त्यांचं म्हणणं. १६६० मध्ये राजा परत आला तेव्हा सणही परत आला. पुढे चार्ल्स वेस्ली यांनी १७३९ साली एक नाताळगीत लिहिलं. त्याची पहिली ओळ जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी १७५३ मध्ये बदलून टाकली, आणि आज जगभर ती बदललेली ओळच म्हटली जाते. 'हार्क द हेरल्ड' ते हेच. याची चाल तर आणखी वेगळ्या ठिकाणची. मेंडेलसोन या जर्मन संगीतकाराने १८४० साली छपाईचा जनक गुटेनबर्ग याच्या गौरवासाठी ती बांधली होती, आणि ही चाल धार्मिक शब्दांना शोभणार नाही असं त्याचं स्वतःचं मत होतं. १८५५ साली विल्यम कमिंग्ज या इंग्रज संगीतकाराने शब्द आणि चाल एकत्र आणले. म्हणजे एक गाणं पुरं व्हायला एकशे सोळा वर्षं लागली आणि चार माणसं. जुनं गाणं म्हणजे दगडावरची रेघ, असं आपण समजतो, पण तेसुद्धा निवडत, बदलत, जुळवत आलेलं असतं.

तिसरी गोष्ट मला सिस्टरांनी शिकवली. नाताळच्या गाण्यांत दोन जाती आहेत. एक कॅरोल : त्यात गोष्ट असते, आनंद असतो. बाळ जन्मलं, मेंढपाळांना देवदूत दिसले, तारा उगवला. दुसरं उपासनागीत, म्हणजे हिम : ते थेट देवाला उद्देशून असतं, त्यात 'तू माझा तारणारा' अशी कबुली असते. आपल्याकडे आख्यान आणि आरती यांत फरक असतो, तसा हा. आख्यान कोणीही ऐकावं आणि कोणीही सांगावं. आरती ज्याने त्याने आपल्या श्रद्धेने करावी. हा फरक आम्हाला पुढे फार कामी आला.

मराठीतली नाताळगीतं

एव्हाना मला वाटत होतं की इंग्रजीतली चार गाणी शिकून घेतली की झालं. पण सिस्टर म्हणाल्या, "काहून सर, मराठीत नाही का?" आणि त्यांनी कपाटातून 'उपासना संगीत' काढून दिलं. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये वापरात असलेला हा गीतसंग्रह. त्यांची प्रत पार जुनी, पाठीला कापडी पट्टी लावलेली, आणि गाण्यांच्या बाजूला पेन्सिलीने 'काळी ३', 'पांढरी ५' असं लिहिलेलं. पेटी वाजवणाऱ्याला ती खूण लगेच कळते. कोणतं गाणं कोणत्या सुरात धरायचं ते त्यांच्या वडिलांनी लिहून ठेवलं होतं.

मराठीत ख्रिस्तजन्माची कथा किती जुनी आहे, हे मी इतिहासाचा मास्तर असून मला नीट ठाऊक नव्हतं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला. तिथली भाषा शिकला आणि त्याने ओवीछंदात 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. ते १६१६ साली राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता, आणि तुकोबा ऐन लहानपणात होते. त्या वेळी बेथलेहेमची गोष्ट मराठी ओवीत सांगून झाली होती. आपला 'नाताळ' हा शब्दही तिकडचाच, पोर्तुगीज 'नाताल'वरून आलेला. म्हणजे आम्ही मराठी माणसं लाल टोप्या घालून इंग्रजी गाणं म्हणत होतो, आणि आमच्याच भाषेत चारशे वर्षांची शिदोरी पडून होती.

आता आपल्या नागपूरकडे येऊ. हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे, १८८३ सालचं. ज्यांच्या नावाचं ते आहे ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले, तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. ते खडकांचे आणि जीवाश्मांचे अभ्यासक. पण मला त्यांची दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ते स्वतःच्या धर्माचा प्रचार करायला आले होते, तरी त्यांनी गोंड लोकांचं लिंगो देवाचं गाणं ऐकून, उतरवून ठेवलं. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या नाल्यात ते बुडून गेले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले, आणि त्यात ते गोंडी गाणं आहे. दुसऱ्याच्या देवाचं गाणं कान देऊन ऐकावं आणि जसंच्या तसं लिहून घ्यावं, याचं हे आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण.

आणि मग रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९), कोकणातले ब्राह्मण. पण त्यांच्या आयुष्याचं वळण नागपुरात आहे. नागपूरचे धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते इथे राहिले, 'ऋषि' नावाचं मासिक चालवलं. १८९३ मध्ये नागपूर–राजनांदगाव प्रवासात आगगाडीच्या डब्यात त्यांना एक गोरा सहप्रवासी भेटला. बोलणं कवितेवरून धर्मावर गेलं, आणि उतरताना त्याने टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. घरावर काय कोसळलं ते लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलं आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. हसता हसता रडू येतं असं पुस्तक मराठीत दुसरं नाही.

त्या काळी मराठी चर्चमध्ये बरीच गीतं इंग्रजीवरून भाषांतर केलेली आणि विलायती चालीवर बसवलेली असत. त्यात अडचण अशी, की इंग्रजी गाण्यात आघात शब्दाच्या एका ठरावीक अक्षरावर पडतो. मराठीचं वजन ऱ्हस्व-दीर्घावर तोललेलं. शब्द ओढूनताणून चालीत घातला की ऱ्हस्वाचं दीर्घ होतं, आणि देवाचं नावसुद्धा परक्या माणसाने घेतल्यासारखं वाटतं. ही अडचण टिळकांच्या आधीच्यांनाही जाणवली होती. अहमदनगरचे कृष्णराव सांगळे (आता ते अहिल्यानगर) ख्रिस्ती कीर्तनं करत आणि त्यासाठी पदं रचत. टिळकांनी तो रस्ता रुंद केला. अभंग, ओवी, साकी, दिंडी, पद, जे मराठी माणसाच्या कानात बसलेलं आहे त्यातच त्यांनी ख्रिस्ताची भजनं लिहिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्र त्यांनी लिहायला घेतलं आणि ते अपुरं राहिलं. त्याचा पुढचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहून पुरा केला. एकेकाळी जिला धड लिहिता-वाचता येत नव्हतं त्या बाईने!

आणखी एक गोष्ट नागपूरची आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'ची, म्हणजे उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली. अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रेदरन अशा निरनिराळ्या वळणांच्या सहा चर्चपरंपरा त्या दिवशी एक झाल्या. प्रत्येकीची रीत वेगळी आणि गीतांची वळणं वेगळी. सिस्टर म्हणायच्या, "आमचे आमचेच एकत्र आले, तर बी पहिले भांडण गाण्यावरच होते, सर. आमच्या चालीत की तुमच्या चालीत?" हे ऐकून मला धीर आला. आपली सोसायटी काही जगावेगळी नव्हती.

ऐनवेळचा विषय

चौथ्या वर्षी सर्वसाधारण सभेत ऐनवेळच्या विषयांत हा विषय निघाला. एका ज्येष्ठ सदस्यांनी सरळ विचारलं, "दिवा लावा, केक खा, शुभेच्छा द्या, हे ठीक. पण आपण त्यांची भजनं काहून म्हणायची? माझ्या नातवाच्या तोंडी प्रार्थनेचे शब्द घालायचे, तर मला विचारलं का?" सभेत कुजबुज सुरू झाली. एक-दोघांनी त्यांना गप्प करायचा प्रयत्न केला. पण मला आजही वाटतं की प्रश्न चुकीचा नव्हता. न विचारता दुसऱ्याच्या मुलाच्या तोंडी प्रार्थना घालू नये, आणि न विचारता दुसऱ्याच्या सणातून त्याची प्रार्थना काढूनही टाकू नये. आम्ही तीन वर्षं दुसरी चूक केली होती. ते पहिली होऊ नये म्हणून बोलत होते.

सिस्टर सभेत क्वचितच बोलायच्या. त्या दिवशी उठल्या. म्हणाल्या, "काकाजी बरोबर बोलून राहिले. प्रार्थना आम्ही तीन घरं म्हणू. तुम्ही फक्त गोष्टीची गाणी म्हणा. बाळ जन्मलं म्हणून आनंद करायला कोणाला काही सोडावं लागत नाही." सभेत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण ठराव मात्र एकमताने झाला, आणि त्या वर्षी ते ज्येष्ठ सदस्य नातवाला मांडीवर घेऊन बसले होते.

इतिवृत्ताच्या वहीत तेव्हा तीन नियम लिहिले गेले, तेच आजही चालतात. पहिला : गाण्यांची यादी ज्यांचा सण आहे ती घरं करतील. बाकीच्यांनी सुचवायचं, ठरवायचं नाही. दुसरा : प्रत्येक गाण्याआधी त्याचा अर्थ दोन वाक्यांत मराठीत सांगायचा, म्हणजे आपण काय म्हणतो आहोत ते प्रत्येकाला कळलं पाहिजे. तिसरा : गोष्टीची गाणी सगळ्यांची, उपासनागीत ख्रिस्ती कुटुंबांचं. त्या वेळी बाकीच्यांनी शांत बसून ऐकायचं. वाटलं तर ध्रुवपद म्हणावं, सक्ती कुणावर नाही.

पेटीवर बसवताना

आता थोडं माझ्या खात्याचं. यादी ठरली तरी ती बसवायची कशी? पहिला प्रश्न दिवसाचा. काकड आरती पहाटेची आणि शेजारती रात्रीची, हे आपल्याला सांगावं लागत नाही. तसंच ख्रिस्ती वर्षातही आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार हा वाट पाहण्याचा काळ, त्याची गाणी वेगळी, जरा गंभीर. जन्माची गाणी २४ च्या रात्रीपासून पुढे बारा दिवस. पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचं गाणं खरं म्हणजे ६ जानेवारीचं. आम्ही ते २४ लाच घेतलं तेव्हा सिस्टर हसून म्हणाल्या, "सर, ते लोक अजून रस्त्यातच आहेत!" पण पोरांना मुकुट घालून उंटावर बसल्याचं नाटक करायचं असतं, म्हणून त्यांनी सूट दिली. जाता जाता हेही सांगितलं की बायबलात ते तीन होते असं म्हटलेलंच नाही, आणि राजे होते असंही नाही. म्हणून आपल्याकडे कधी चार राजे असतात, कधी सात. जेवढे मुकुट तेवढे राजे.

दुसरा प्रश्न चालीचा. 'सायलेंट नाइट' हे ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावचं गाणं. तिथल्या योझेफ मोर या तरुण पाद्र्याने १८१६ मध्ये कविता लिहिली, आणि १८१८ च्या २४ डिसेंबरला फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरने चाल लावली. त्या रात्री ते गिटारवर म्हटलं गेलं. शाळामास्तरने चाल लावली, याचा मला विशेष आनंद! याची लय सहा मात्रांत झुलते, म्हणून आपला दादरा त्याला सहज बसतो. फक्त शेवटच्या आधीची ओळ फार वर चढते, म्हणून सुरुवातच खालच्या सुरात करावी. पहिल्या वर्षी आम्ही उंच धरलं आणि त्या ओळीला अर्धी मंडळी गप्प झाली.

'जॉय टु द वर्ल्ड'ची गंमत वेगळी. आयझॅक वॉट्सने ते १७१९ साली स्तोत्र ९८ वरून लिहिलं. त्यात गव्हाणही नाही, मेंढपाळही नाहीत. देव राज्य करायला येतो आहे म्हणून सृष्टीने आनंद करावा, असा भाव. याची पहिली ओळ पेटीवर वाजवली आणि मी थांबलोच. वरच्या सा पासून खालच्या सा पर्यंत सगळे शुद्ध स्वर ओळीने उतरत येतात. पेटी शिकायला येणारी पोरगी म्हणाली, "सर, हे तर आपले अलंकार आहेत!" तेव्हापासून आपल्याकडे पेटी शिकणारं प्रत्येक पोर हे गाणं पहिल्या महिन्यात वाजवतं.

पण खरं सांगतो, इंग्रजी गाणं बसवायला आम्हाला पंधरा दिवस लागतात, आणि मराठी अभंग एका संध्याकाळी बसतो. भजनी ठेका धरला, टाळ हाती दिले की धापेवाड्याच्या यात्रेला जाणारी आमची मंडळी जन्माची पदं अशी उचलतात की सिस्टरांनाच आश्चर्य वाटायचं. म्हणून यादीचा ढाचा आता ठरून गेला आहे : चार मराठी, दोन इंग्रजी, एक हिंदी, एक मल्याळम. मल्याळम गाणं केरळच्या वहिनी शिकवतात. त्यातला शब्द न् शब्द मराठी अक्षरांत फळ्यावर लिहून घेतो, अर्थ विचारतो, आणि चुकतो. आणि 'जिंगल बेल्स'? ते काढून टाकलेलं नाही. केक कापताना, कार्यक्रम संपल्यावर, पोरं ते हवं तेवढ्या वेळा म्हणतात. सिस्टरांनीच तसं सांगितलं होतं. त्याची जागा तेवढी बदलली.

पुढे

कोरोनाच्या वर्षी सतरंज्या टाकल्या नाहीत. जो तो आपापल्या गॅलरीत. मी खाली पेटी घेऊन एकटा बसलो. तळमजला आणि तिसरा मजला यांचा सूर एकदाही जुळला नाही, आवाज वर पोचेपर्यंत खालचे पुढे गेलेले असत. तरी कोणी थांबलं नाही. दवाखान्यातून आलेल्या बातम्यांनी घाबरून गेलेली घरं होती, काही घरांतली माणसं गेली होती. शेवटी सिस्टरांनी त्यांच्या गॅलरीतून एकटीने उपासनागीत म्हटलं. नियमाप्रमाणे आम्ही ऐकत उभे राहिलो. त्या रात्री आमच्यातल्या पुष्कळांनी ध्रुवपद म्हटलं. ते ज्येष्ठ काकाजी तोवर गेले होते, त्यांचा नातू म्हणत होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी अडवलंही नाही.

सिस्टर आता नागपूरला लेकीकडे असतात. गुडघे थकले, जिने चढवत नाहीत. जाताना 'उपासना संगीत'ची ती पट्टी लावलेली प्रत त्यांनी सोसायटीच्या ऑफिसच्या कपाटात ठेवली. मी म्हटलं, "सिस्टर, ही तुमच्या वडिलांची खूण, घरी ठेवा." त्या म्हणाल्या, "तिकडे पेटी कोण वाजवते? इथे कामी येईल." दरवर्षी १ डिसेंबरच्या सुमारास त्यांचा फोन येतो, यादी झाली का म्हणून. मी वाचून दाखवतो, त्या एखादं गाणं बदलतात. यंदा त्यांनी बदल सांगितला नाही, पण एक अट घातली : रौप्यमहोत्सवाचं वर्ष आहे, तर यादी पोरांनी करावी, मोठ्यांनी नाही.

त्यामुळे यंदाची यादी ख्रिस्ती घरांतल्या आणि इतर घरांतल्या मुलांनी मिळून केली आहे. तीन नियम त्यांना वाचून दाखवले. दुसऱ्या नियमाखाली त्यांनी स्वतः एक ओळ वाढवली : ज्याला गाण्याचा अर्थ कळला नाही त्याने विचारायचं, आणि ज्याला विचारलं त्याने रागवायचं नाही. मला ती सभेच्या सगळ्या ठरावांहून शहाणी वाटली.

सराव १० डिसेंबरपासून रोज रात्री साडेआठ वाजता, ऑफिसच्या खोलीत. टाळ आपल्याकडे सहा जोड्या आहेत, ज्यांच्या घरी जास्तीचे असतील त्यांनी आणावेत. स्वेटर घालून यावं. आणि संत्र्याच्या पेट्या कोण देणार ते या वर्षी तरी आधी सांगावं.